लॅपटॉप उघडण्याआधी बटण बघा : दुरुस्तीच्या धंद्यातला पहिला धडा



लॅपटॉप-मोबाईल दुरुस्तीचं छोटं दुकान टाकायचं म्हणणाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "सर, मशीन टेबलावर आलं की पहिल्यांदा करायचं काय?" माझं उत्तरही ठरलेलं आहे. स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवायचा आणि आधी बटणं बघायची.

ऐकायला फार साधं वाटतं, मला माहीत आहे. पण नवीन माणूस सगळ्यात जास्त इथेच फसतो, आणि त्याच्याबरोबर त्याचं गिऱ्हाईकही फसतं. म्हणून आजचा पूर्ण धडा बटणांवर. लॅपटॉपवरचं बटण दाबलं की आत सॉफ्टवेअर काय करतं, ते कुठे अडकतं आणि आपण ते कसं शोधायचं, हे बघू. कमांडचं इंग्रजी स्पेलिंग व्हिडिओत स्क्रीनवर दिलेलं आहे, इथे फक्त नावं सांगतो.

हा धडा मुळशीकरांना का लागू पडतो

मुळशी म्हटलं की लोकांना धरण आठवतं, ताम्हिणी घाट आठवतो. पण हिंजवडीचं राजीव गांधी इन्फोटेक पार्कही आपल्याच तालुक्यात आहे, हे पुण्यातल्या कितीतरी जणांना माहीत नसतं. आता धंद्याच्या नजरेने बघा. कंपनीतून निघालेला लॅपटॉप सेकंड हँड बाजारात येतो. मग तो पौडच्या कॉलेजच्या पोराकडे जातो, पिरंगुटच्या वर्कशॉपच्या ऑफिसात जातो, घोटवडे फाट्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जातो. हे कंपनी-मॉडेलचे लॅपटॉप दणकट असतात, पण त्यांच्यावर बटणं आणि बायोसमधली सेटिंगं घरगुती लॅपटॉपपेक्षा जास्त असतात. कंपनीत आयटीवाला माणूस ते सगळं सांभाळतो. इथे ते सांभाळायला तुम्ही आहात.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे आपला पाऊस. चार महिने हवेत ओल. बारीक खटक्यांना आणि जॅकना गंज धरतो. तो भाग पुढे येईलच.

माझी १,४०० रुपयांची चूक

दुकान टाकून मला जेमतेम दोन महिने झाले होते. एक ताई लॅपटॉप घेऊन आल्या. त्या गावात ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं काम करायच्या, शाळा-कॉलेजच्या प्रवेशाचे दिवस होते. वाय-फाय बंद. मी विंडोजमध्ये इकडे तिकडे बघितलं, ड्रायव्हर काढून परत टाकला, काही होईना. मग ऐटीत सांगितलं, "ताई, कार्ड गेलंय." नवीन कार्ड टाकलं. मजुरी धरून १,४०० रुपये घेतले. तरी वाय-फाय बंदच! "मदरबोर्डचा प्रॉब्लेम दिसतोय," असं म्हणून मी मशीन ठेवून घेतलं.

तिसऱ्या दिवशी लॅपटॉप पुसताना पुढच्या कडेला बोट अडकलं. तिथे एक बारीक सरकता खटका होता. तो सरकवला आणि वाय-फाय सुरू झालं. जुनं कार्ड परत बसवून बघितलं, तेही ठणठणीत.

मी पैसे परत केले. ताई रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "तीन दिवस फॉर्म भरायला आलेली पोरं दुसरीकडे गेली ना हो." ते पैसे माझ्याकडून परत देता येण्यासारखे नव्हते. तेव्हापासून माझा नियम आहे, बटण तपासल्याशिवाय एकही स्क्रू काढायचा नाही.

आधी हे समजून घ्या : कापणारं बटण आणि कळवणारं बटण

घरातल्या बल्बचं बटण सरळ असतं. दाबलं की वायर तुटते, बल्ब बंद. मध्ये कोणी नाही. याला मी "कापणारं बटण" म्हणतो.

लॅपटॉपवरची बहुतेक बटणं तशी नसतात. ती फक्त कळवतात. म्हणजे बटण दाबणं हा हुकूम नसतो, तो अर्ज असतो. ग्रामपंचायतीत अर्ज दिला की तो खिडकीतून टेबलावर, टेबलावरून साहेबाकडे जातो आणि साहेब नियम बघून सही करतात, तसंच इथे होतं. या अर्जाचा प्रवास असा :

१. खटका किंवा सेन्सर. बोटाने दाबलेलं बटण, नाहीतर चुंबक ओळखणारा सेन्सर.

२. एम्बेडेड कंट्रोलर. मदरबोर्डवरची छोटी चिप. कीबोर्ड, पॉवर बटण, झाकण, चार्जिंग, पंखा यांच्यावर हीच लक्ष ठेवते. लॅपटॉप "बंद" असतानाही ती जागी असते, म्हणून तर पॉवर बटण दाबल्याचं कोणाला तरी कळतं.

३. फर्मवेअर. म्हणजे बायोस आणि त्यातले एसीपीआय नावाचे नियम. "झाकण बंद झालं" ही बातमी ऑपरेटिंग सिस्टिमपर्यंत इथून जाते.

४. ड्रायव्हर. कंपनीच्या खास बटणांची भाषा कळणारा दुभाषा.

५. विंडोज किंवा लिनक्स, आणि त्यातलं सेटिंग. शेवटचा निर्णय इथे होतो. झाकण बंद झाल्यावर झोपायचं, बंद व्हायचं की काहीच करायचं नाही, ते इथे ठरतं.

या पाचपैकी एका जागी जरी अर्ज अडकला, तरी गिऱ्हाईक एकच वाक्य सांगणार : "बटण चालत नाही." कुठल्या टेबलावर अडकलं ते शोधणं, हेच आपलं काम, आणि त्याचेच आपल्याला पैसे मिळतात.

आणखी एक फरक लक्षात ठेवा. कळ वेगळी आणि खटका वेगळा. कळ दाबली, सोडली, संपलं, ती एक घटना असते. खटक्याला मात्र स्थिती असते, तो चालू तरी असतो नाहीतर बंद तरी. लिनक्समध्ये तर या दोघांची नोंदच वेगवेगळ्या प्रकारात होते. झाकण, टॅब्लेटसारखं दुमडणं, हेडफोन घुसवणं ही सगळी "खटका" या प्रकारात मोडतात. सॉफ्टवेअरला मशीन चालू होताना विचारावं लागतं, "बाबा, आत्ता तू कुठल्या बाजूला आहेस?" उत्तर चुकीचं आलं तर सगळा गोंधळ. काही लॅपटॉपचं फर्मवेअर झाकण बंद झाल्याचं नीट सांगतं, पण उघडल्याचं सांगायला विसरतं. मग झाकण उघडं असूनही मशीन परत परत झोपतं. हे इतक्या मशीनमध्ये दिसलं की लिनक्सच्या कर्नेलमध्ये त्यासाठी वेगळा पर्याय द्यावा लागला.

वाय-फायचा खटका : हार्ड ब्लॉक आणि सॉफ्ट ब्लॉक

माझ्या १,४०० रुपयांचा धडा हाच.

वायरलेसला दोन कुलपं असतात. एक सॉफ्टवेअरचं, म्हणजे स्क्रीनवरचा एअरप्लेन मोड किंवा वाय-फायचं टॉगल. दुसरं हार्डवेअरचं, म्हणजे कडेचा खटका. या खटक्याची एक तार थेट वायरलेस कार्डाच्या पिनपर्यंत जाऊ शकते. जुन्या मिनी पीसीआय एक्सप्रेस कार्डात ही २० नंबरची पिन. तिथून "बंद" असा सिग्नल आला की विंडोजने कितीही डोकं आपटलं तरी रेडिओ सुरू होत नाही. हार्ड ब्लॉक सॉफ्टवेअरने उघडत नाही, हे पाठ करून ठेवा.

तपासायचं कसं?

विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून नेट-एसएच डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस ही कमांड द्या. "रेडिओ स्टेटस"पुढे हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर अशा दोन वेगळ्या नोंदी येतात. "हार्डवेअर ऑफ" दिसलं तर खटका किंवा बायोस बघा. "हार्डवेअर ऑन, सॉफ्टवेअर ऑफ" दिसलं तर फक्त सेटिंगचं काम, दोन मिनिटांत मोकळे.

लिनक्समध्ये आरएफकिल लिस्ट. तिथेही "सॉफ्ट ब्लॉक्ड" आणि "हार्ड ब्लॉक्ड" असं स्पष्ट हो-नाही येतं. सॉफ्ट असेल तर आरएफकिल अनब्लॉक वायफाय दिलं की काम झालं.

नवीन लॅपटॉपवर कडेचा खटका नसतो, त्याऐवजी विमानाचं चित्र असलेली कळ असते. ती फक्त कळवणारी आहे आणि तिलाही ड्रायव्हर लागतो. गिऱ्हाईक सांगतं, "फॉरमॅट मारल्यापासून वाय-फायचं बटण चालत नाही." कळ बिघडलेली नसते, दुभाषा हरवलेला असतो. एचपीमध्ये वायरलेस बटन ड्रायव्हर, एसुसमध्ये वायरलेस रेडिओ कंट्रोल अशा नावाने तो कंपनीच्या वेबसाइटवर मिळतो. मॉडेल नंबर टाकून तिथूनच घ्या. भलत्या साइटवरचे "ऑल इन वन ड्रायव्हर पॅक" घेऊ नका.

कंपनी-मॉडेलची एक गंमत सांगतो. एचपीच्या काही ऑफिस लॅपटॉपच्या बायोसमध्ये असं सेटिंग असतं की लॅनची केबल लावली की वाय-फाय आपोआप बंद. कंपनीत ते सोयीचं असतं. पण झेरॉक्सवाल्याने प्रिंटरसाठी केबल लावली की त्याचं इंटरनेट जातं, आणि तो म्हणतो, "रोज सकाळी वाय-फाय जातं." अशा वेळी केबल काढून बघा. चालू झालं तर बायोसमध्ये जाऊन ते सेटिंग बंद करा.

झाकण : न दिसणारं बटण

लॅपटॉपचं झाकण हेसुद्धा एक बटणच आहे. आजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये स्क्रीनच्या चौकटीत एक बारीक चुंबक असतो आणि खालच्या भागात हॉल सेन्सर. चुंबक जवळ आला की सेन्सर म्हणतो "बंद".

सेन्सरला चुंबक ओळखता येतो, झाकण नाही. म्हणजे चुंबकवालं मोबाईल कव्हर तळहाताच्या जागेवर ठेवलं, चुंबकी पट्ट्याचं घड्याळ हातात असलं, किंवा एका लॅपटॉपवर दुसरा चालू लॅपटॉप ठेवला, तरी स्क्रीन काळी पडू शकते. "टाइप करता करता बंद पडतो" अशी तक्रार आली की आधी गिऱ्हाईकाच्या हाताकडे आणि टेबलाकडे बघा. रॅम काढायची घाई नको.

पुरावा हवा असेल तर विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडा. सिस्टिमच्या नोंदींमध्ये कर्नेल-पॉवर शोधा. जुन्या पद्धतीच्या झोपेसाठी ४२ नंबरची नोंद असते, नवीन मॉडर्न स्टँडबायवाल्या मशीनमध्ये ५०६. तिथे झोपण्याचं कारण लिहिलेलं असतं. "लिड" म्हणजेच झाकण असं दिसलं तर चोर सापडला. पण ४१ नंबरची नोंद दिसली तर गोष्ट वेगळी. मशीन नीट बंद न होता वीज गेली किंवा अडकून पडलं, असा त्याचा अर्थ. तिथे बॅटरी, चार्जर, गरम होणं बघायचं. म्हणजे गिऱ्हाईकाची तक्रार एकच, पण नोंदीचा एक आकडा तुम्हाला दोन वेगळ्या रस्त्यांवर नेतो.

झाकण बंद केल्यावर काय करायचं ते कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ठरवता येतं. उबुंटूसारख्या लिनक्समध्ये लॉगिनडीच्या फाइलमध्ये "हँडल लिड स्विच" अशी ओळ असते. दुकानात सीसीटीव्ही बघायला किंवा बिलिंगला जुना लॅपटॉप बाहेरच्या मॉनिटरला जोडून वापरणारे खूप आहेत. त्यांना "काहीच करू नको" हे सेटिंग करून द्या. पण सोबत बजावून सांगा, "दादा, आता झाकण लावून बॅगेत टाकलात तर आत चालूच राहील, तापेल." हे सांगितलं नाही आणि मशीन बॅगेत भाजलं, तर दोष तुमच्याकडेच येणार.

पॉवर बटण : अर्जही आणि हुकूमही

पॉवर बटणाच्या दोन भूमिका आहेत. थोडक्यात दाबलं तर तो अर्ज, काय करायचं ते विंडोज ठरवतं. साधारण ४ सेकंदांहून जास्त दाबून धरलं तर तो हुकूम. तेव्हा विंडोजला कोणी विचारत नाही, हार्डवेअरच वीज तोडतं. एसीपीआयच्या नियमातच हे ४ सेकंद लिहिलेले आहेत, काही कंपन्या त्याहून जास्त वेळ ठेवतात.

याचा तपासणीत असा उपयोग : थोडक्यात दाबून काही होत नाही, पण धरून ठेवल्यावर बंद होतो, म्हणजे खटका चांगला आहे, अडचण सॉफ्टवेअरमध्ये आहे. दोन्ही होत नाही, तर बटण, त्याची पट्टी केबल किंवा कंट्रोलर बघा.

कधी कधी एम्बेडेड कंट्रोलरच गोंधळतो. लाइट सारखी जाते-येते त्या भागात असं होताना मी बघितलंय. चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर काढा, पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा, मग परत जोडून सुरू करा. कंट्रोलर नव्याने सुरू होतो. "मेलेला" लॅपटॉप असा उठून बसलेला बघितला की गिऱ्हाईकाला जादू वाटते. जादू म्हणून दाखवू नका, काय केलं ते सांगा. पुढच्या वेळी ते घरी करून बघतील आणि खरा बिघाड असेल तेव्हा डोळे झाकून तुमच्याकडेच येतील.

कॅमेरा आणि माइक : खासगीपणाची बटणं

ऑनलाइन मीटिंगवाल्यांची ही नेहमीची तक्रार. इथे तीन प्रकार आहेत :

- प्लॅस्टिकची सरकती पट्टी. सॉफ्टवेअरला तिचा पत्ताच नसतो. कॅमेरा चालू, चित्र मात्र काळं.
- वीज तोडणारा खटका. काही लॅपटॉपच्या कडेला असतो. बंद केला की कॅमेरा डिव्हाइस मॅनेजरमधून गायबच होतो, जणू बसवलेलाच नाही.
- एफएन-कळ. फक्त कळवणारी. कॅमेरा यादीत दिसतो, पण चित्र येत नाही.

म्हणजे कॅमेरा यादीत आहे की नाही, एवढ्या एका प्रश्नावर अर्धं निदान होतं. अ‍ॅपलने २०१८ पासूनच्या टी२ चिपवाल्या मॅकबुकमध्ये तर झाकण लावलं की माइक हार्डवेअरमधूनच तोडण्याची सोय केली. झाकण लावून बाहेरच्या मॉनिटरवर काम करणारा म्हणाला, "लॅपटॉपचा माइक चालत नाही," तर तो बिघाड नाही, रचनाच तशी आहे.

पावसाळ्यातले बारीक खटके

हेडफोनच्या जॅकमध्येही एक खटका असतो. पिन आत गेली की तो सांगतो "हेडफोन लागला", आणि सॉफ्टवेअर स्पीकर बंद करतं. ओलीने किंवा धुळीने तो चिकटला की हेडफोन काढला तरी स्पीकर गप्पच राहतो. आवाजाच्या सेटिंगमध्ये "हेडफोन" दिसतंय आणि जॅक मोकळा आहे, तर स्पीकर बदलू नका, जॅक साफ करा.

३६० अंशात दुमडणाऱ्या लॅपटॉपमध्ये तो टॅब्लेटसारखा दुमडलाय हे सेन्सरने कळतं, आणि मग कीबोर्ड मुद्दाम बंद केला जातो. सेन्सर चुकला की सरळ ठेवलेल्या लॅपटॉपचा कीबोर्ड आणि टचपॅड दोन्ही मुके. दोन्ही एकदम गेले तर हा संशय आधी घ्या. एक-दोन वेळा पूर्ण दुमडून परत उघडा, मग पुढचं.

फोटो स्टुडिओवाले एसडी कार्ड आणतात, "कार्ड लॉक झालंय." कार्डाच्या कडेची ती सरकती पट्टी कार्डाच्या आत काहीच करत नाही. रीडरमधला बारीक खटका ती पट्टी कुठे आहे ते बघतो, आणि लिहायचं की नाही ते यजमान मशीन ठरवतं. म्हणून तेच कार्ड दुसऱ्या रीडरमध्ये टाकून बघा. तिथे लिहिलं गेलं, तर कार्ड चांगलं, रीडरचा खटका खराब.

आणि सगळ्याच बटणांबद्दल एक गोष्ट. धातूचा खटका एकदा दाबला तरी काही मिलिसेकंद थरथरतो, जोड-तूट होते. फर्मवेअर थोडं थांबून त्याचा एकच दाब मोजतं. बटण झिजलं किंवा गंजलं की थरथर वाढते आणि एका दाबात दोन अक्षरं येतात. ड्रायव्हर बदलून ते जात नाही. तिथे मात्र खरंच कीबोर्डच बदलायचा.

मोबाईलवरही हेच

फोन सारखा सेफ मोडमध्ये सुरू होतो? बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये सुरू होताना आवाज कमी करायची कळ दाबलेली असली की सेफ मोड लागतो. कळ अडकलीय का बघा, घट्ट कव्हर काढून परत सुरू करा.

दुसरं, फोन आपोआप ११२ ला लागतो अशी तक्रार. आपल्याकडे २०१६ च्या नियमांनुसार १ जानेवारी २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये आपत्कालीन बटणाची सोय सक्तीची झाली. साध्या फोनला ५ किंवा ९ ची कळ दाबून धरायची, स्मार्टफोनला पॉवर बटण भराभर तीनदा दाबण्यासारखी सोय. पॉवर बटण झिजून स्वतःच थरथरायला लागलं की नको तेव्हा फोन लागू शकतो. ही सोय "कटकट" म्हणून बंद करून देऊ नका. बटण दुरुस्त करा. ती सोय कोणाच्या तरी आई-बहिणीच्या उपयोगाची आहे.

एक मशीन कधीच उघडायचं नाही

कार्ड स्वाइप करायचं मशीन. त्याच्या आत छेडछाड ओळखणारे खटके असतात. कव्हर उघडलं की ते मशीन आपल्या आतल्या गुप्त किल्ल्या पुसून टाकतं, मग ते निरुपयोगी होतं. ज्या बँकेने किंवा कंपनीने दिलंय तिच्याकडेच पाठवायला सांगा. "हे माझं काम नाही" असं म्हणण्यात कमीपणा नसतो.

तुमच्या टेबलावरची पाच मिनिटांची तपासणी

हे छापून भिंतीवर लावा :

१. गिऱ्हाईकाला विचारा : कधीपासून? त्याआधी काय केलं? फॉरमॅट, पडणं, पाणी, नवीन केबल?

२. मशीनच्या चारही कडा बोटाने चाचपा. खटके, पट्ट्या, अडकलेली कळ.

३. जवळपासचे चुंबक, केबल, पेन ड्राइव्ह, हेडफोन बाजूला करा.

४. चार्जर काढून पॉवर बटण धरून कंट्रोलर रिसेट करा.

५. विंडोजमध्ये नोंदी बघा : रेडिओ स्टेटस, इव्हेंट व्ह्यूअर, डिव्हाइस मॅनेजर.

६. लिनक्सचा लाइव्ह पेन ड्राइव्ह लावून मशीन सुरू करा, हार्ड डिस्कला हात न लावता. तिथे चाललं तर हार्डवेअर चांगलं, विंडोजची बाजू बघा. दोन्हीकडे बंद, तर हार्डवेअरचा संशय वाढला.

७. बायोसमधली वायरलेस, कॅमेरा, माइकची सेटिंगं.

फक्त सहाव्या पायरीत एक सावधगिरी. कंपनीच्या खास एफएन-कळा लिनक्समध्ये चालल्या नाहीत, एवढ्यावरून त्या खराब म्हणू नका. तिथेही दुभाषा नसू शकतो.

आणि हे सगळं शक्यतो गिऱ्हाईकासमोर करा. पासवर्ड वहीत लिहून घेऊ नका, त्यांनाच टाकायला सांगा. कॅमेरा तपासताना तर ते समोर हवेतच.

मग पैसे किती घ्यायचे?

हा खरा अवघड प्रश्न. नुसता खटका सरकवला, तर पैसे कसले मागायचे? आणि नाही मागितले, तर दुकानाचं भाडं कुठून द्यायचं?

माझा मार्ग असा. तपासणी शुल्क ठरवा, समजा १०० रुपये, आणि बोर्डवर मोठ्या अक्षरात लिहा. मोठं काम निघालं तर ते बिलातून वजा करा. नुसता खटका निघाला तर १०० घ्या आणि तो खटका दाखवा. गिऱ्हाईक हसतं, स्वतःवरच हसतं, आणि पैसे देतं. कारण तुम्ही शोधून दिलंत, आणि खोटं बोलला नाहीत.

हिशोब मांडून बघा. समजा महिन्याला ४० मशीन आली आणि त्यातली १० नुसत्या बटणाची निघाली. प्रामाणिकपणे तुम्हाला १,००० रुपये मिळाले. प्रत्येकात खोटं कार्ड घातलं असतं तर कदाचित १०,००० मिळाले असते. पण भूगाव ते पौड हा रस्ता मोठा नाही. त्या दहातल्या एकाचा भाचा हिंजवडीत कामाला असतो, त्याला खरं कळतं, आणि रविवारी पारावर तुमची अख्खी कुंडली मांडली जाते. शहरात गिऱ्हाईक गेलं तर दुसरं येतं. तालुक्यात गिऱ्हाईक गेलं की घर जातं, घरामागे भावकी जाते.

जॉब कार्डवर एक ओळ नक्की छापा : "बटण / सेटिंग तपासले : हो / नाही." तुमच्या हाताखाली उद्या पोरगा कामाला लागला, तर तीच ओळ त्याला शिस्त लावेल.

भांडवलाचं थोडक्यात. सुरुवातीला महागडी यंत्रं लागत नाहीत. चांगला स्क्रू ड्रायव्हर सेट, मल्टीमीटर, ब्रश, आयसोप्रोपिल अल्कोहोल, दोन लाइव्ह पेन ड्राइव्ह आणि एक चालू असलेलं वायरलेस कार्ड चाचणीपुरतं. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. कर्ज लागलंच तर मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत मागता येतं. पण आधी हात बसू द्या, मग बँकेत जा.

गृहपाठ

आज रात्री स्वतःचा लॅपटॉप घ्या. त्यावरचं प्रत्येक बटण, खटका आणि लपलेला सेन्सर वहीत लिहा. प्रत्येकापुढे लिहा : कापणारं की कळवणारं? झाकणाचा चुंबक कुठे आहे ते एक छोटा चुंबक चौकटीवर हळूच फिरवून शोधा. आतमध्ये जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर चुंबक त्या बाजूला नेऊ नका. मग रेडिओ स्टेटसची कमांड देऊन एअरप्लेन मोड चालू-बंद करा आणि कोणती ओळ बदलते ते बघा.

एवढं केलंत की उद्या कोणी ताई तुमच्या दुकानात घाईघाईत लॅपटॉप घेऊन येतील, तेव्हा त्यांचे तीन दिवस जाणार नाहीत. पाच मिनिटांत त्या परत जातील आणि त्यांच्या दारातली पोरं त्यांच्याच दारात राहतील.

पुढच्या धड्यात चार्जिंगची पिन आणि बॅटरीचं निदान बघू. भेटूया. कामाला लागा!